नॅनोफ्लुइड, फोम आणि भाच्याची पीएचडी



मागच्या रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पीएचडीला विषय मिळाला! सच्छिद्र माध्यमात नॅनोफ्लुइड वापरून उष्णतावहन वाढवायचं. घेऊ ना?" मी लगेच 'घे' म्हटलं नाही, तर स्वारी खट्टू झाली. आपल्यात थर्मलवाले बरेच आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

नॅनोफ्लुइड म्हणजे पाण्यात किंवा ग्लायकॉलमध्ये धातूचे वा ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव. हे नाव १९९५ साली आर्गॉन लॅबच्या स्टीफन चोई यांनी दिलं. तर्क सोपा आहे. पाण्याची उष्णतावाहकता ०.६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर तांब्याची ४०० च्या घरात. २००१ मध्ये तिथल्याच गटाने ग्लायकॉलमध्ये आकारमानाने जेमतेम ०.३ टक्के तांबं घालून वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं छापलं आणि सगळे वेडे झाले. मीही.

आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स थंड करायला ॲल्युमिनियमचा फोम होता. अनारशासारखी जाळी, नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळ, पण आतला पृष्ठभाग भरपूर. त्यातून ॲल्युमिनाचं नॅनोफ्लुइड सोडायचं, ही कल्पना माझी. पहिले दोन दिवस आकडे झकास! मग प्रेशर ड्रॉप चढायला लागला, पंप कण्हू लागला. फोम कापून पाहिला तर आत चुन्यासारखा पांढरा लगदा. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या होत्या आणि जाळीने त्या गाळून ठेवल्या होत्या. गाळणीच ती, दुसरं काय करणार? प्रोजेक्ट बंद झालं, आणि साहेबांना ते सांगायला मलाच जावं लागलं.

पुढे २००९ मध्ये तीसहून जास्त प्रयोगशाळांनी तेच नमुने मोजले. त्यांत चमत्कार काही दिसला नाही. वाढ जुन्या मॅक्सवेलच्या सिद्धांतात बसणारीच निघाली. शिवाय तुलनेतली एक मेख असते. कण घातले की द्रव दाट होतो, म्हणून तोच रेनॉल्ड्स नंबर ठेवायला वेग वाढवावा लागतो, आणि श्रेय मात्र कणांना जातं. तुलना करायची तर सारख्या पंपिंग पॉवरवर करा ना!

नील्ड आणि कुझ्नेत्सोव्ह यांनी २००९ मध्येच सच्छिद्र माध्यमातल्या उभ्या पट्टीचं जुनं गणित नॅनोफ्लुइडसाठी मांडलं. त्यानंतर कण बदल, चुंबकीय क्षेत्र लाव, असे पेपर धो धो आले. कागदावर कण कधी खाली बसत नाहीत, हे एक बरं असतं.

भाच्याला म्हटलं, "विषय वाईट नाही. पण टेस्ट रिग आहे का ते सरांना विचार. महिनोन्महिने चालवून फोम किती तुंबतो ते मोजलंस, तर लोक वाचतील."

तो म्हणाला, "रिग नाही मामा, नुसतं मॅटलॅब आहे."

त्याला महिनाअखेर होकार कळवायचाय. तुमच्यापैकी कोणी असं लूप वर्षभर चालवलं असेल, तर कृपया लवकर लिहा.