ब्राझील : देशपरिचय

ब्राझील (अधिकृत नाव : ब्राझीलचे संघीय प्रजासत्ताक) हा दक्षिण अमेरिका खंडातील सर्वांत मोठा आणि क्षेत्रफळाच्या दृष्टीने जगातील पाचव्या क्रमांकाचा देश आहे. सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर विस्ताराच्या या देशाने खंडाचा जवळजवळ अर्धा भाग व्यापला आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख होती. देशात २६ राज्ये व एक संघीय जिल्हा आहे. ब्राझिलिया ही राजधानी असून साओ पाउलो हे सर्वांत मोठे शहर आहे. पोर्तुगीज ही राजभाषा, तर रेआल हे चलन आहे.

परदेशात ब्राझीलची ओळख बहुधा फुटबॉल, कार्निव्हल आणि ॲमेझॉनचे अरण्य या तीन गोष्टींपुरती असते. या देशाच्या एकेका प्रदेशाची घडण मात्र एकेका उत्पादनाने केली आहे : आरंभी रंगाचे लाकूड, मग ऊस, सोने, कॉफी आणि रबर. हे सूत्र ध्यानी ठेवले म्हणजे कोणत्या शहरात काय पाहावे आणि ते तेथे का आहे, हे प्रवाशाला सहज उमगते.

भूगोल आणि ऋतू

चिली व इक्वेडोर वगळता दक्षिण अमेरिकेतील प्रत्येक देशाशी ब्राझीलची सीमा भिडते. पूर्वेस अटलांटिक महासागराचा सात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आहे. उत्तर–दक्षिण व पूर्व–पश्चिम अशा दोन्ही दिशांना देशाचा विस्तार सुमारे ४,३०० किलोमीटर आहे. रिओ दि जानेरोहून ॲमेझॉन खोऱ्यातील मानौस येथे विमानाने जाण्यास सुमारे चार तास लागतात. त्यामुळे एकाच सहलीत सारा देश पाहण्याचा बेत सहसा फसतो. दोन किंवा तीन प्रदेश निवडणे श्रेयस्कर ठरते.

देशाचा बहुतांश भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथील ऋतू भारताच्या उलट असतात. डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा, तर जून ते ऑगस्ट हा हिवाळा होय. दक्षिणेकडील राज्यांत हिवाळ्यात दहिवर गोठते; ईशान्य किनारा मात्र वर्षभर उबदार असतो. पंतनाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात वन्यजीव पाहण्यासाठी कोरडे महिने, साधारणतः जून ते सप्टेंबर, उत्तम मानले जातात. याच सुमारास मारान्याव राज्यातील पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमध्ये पावसाच्या पाण्याची निळी तळी भरलेली असतात.

इतिहास

पेद्रो आल्व्हारेस काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी २२ एप्रिल १५०० रोजी या किनाऱ्यावर पोहोचला. त्याचा ताफा भारताकडे निघाला होता आणि तेथून पुढे तो कालिकतला गेला. लाल रंग देणाऱ्या ‘पाउ-ब्राझील’ या वृक्षावरून देशाला नाव मिळाले. त्यापूर्वी सहस्रावधी वर्षे येथे अनेक आदिवासी समाज नांदत होते. युरोपीयांबरोबर आलेले रोग, युद्धे व वेठबिगारी यांनी त्यांची संख्या झपाट्याने घटली.

सोळाव्या शतकापासून ईशान्येस उसाचे मळे उभे राहिले आणि त्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले जाऊ लागले. तीन शतकांहून अधिक काळात चाळीस लाखांपेक्षा जास्त माणसे अशा रीतीने ब्राझीलमध्ये आणली गेली. अमेरिका खंडातील अन्य कोणत्याही देशात इतकी आणली गेली नाहीत. मळ्यांतून निसटलेल्यांनी रानात स्वतंत्र वसाहती स्थापन केल्या. त्यांपैकी पाल्मारेस ही सर्वांत प्रसिद्ध होय. तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. हा दिवस आज राष्ट्रीय सुटीचा आहे.

७ सप्टेंबर १८२२ रोजी पोर्तुगालच्या राजाचा पुत्र दों पेद्रो याने स्वातंत्र्य घोषित केले व तो सम्राट झाला. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द झाली. अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी येथे संपली. पुढील वर्षी, १५ नोव्हेंबर १८८९ रोजी, प्रजासत्ताक स्थापन झाले. १९६४ ते १९८५ या काळात देशावर लष्करी राजवट होती. सध्याची राज्यघटना १९८८ मध्ये अमलात आली.

लोक आणि भाषा

२०२२ च्या जनगणनेत ४५ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी आपला वंश ‘मिश्र’, सुमारे ४३ टक्क्यांनी ‘गोरा’, तर सुमारे १० टक्क्यांनी ‘काळा’ असा नोंदवला. आदिवासींची संख्या सुमारे १७ लाख आहे. १९०८ पासून आलेल्या जपानी स्थलांतरितांचा मोठा समाज साओ पाउलो शहरात व आसपास स्थिरावला आहे.

इंग्रजी जाणणारे लोक मोठ्या शहरांबाहेर कमी भेटतात. स्पॅनिश काही प्रमाणात समजते, परंतु ब्राझीलची भाषा स्पॅनिश आहे असे गृहीत धरणे स्थानिकांना रुचत नाही. ‘बों दिया’ (सुप्रभात) एवढ्याने संवादाची सुरुवात होते. आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादो’, तर स्त्री ‘ओब्रिगादा’ म्हणते. ‘आलो’ व ‘आले’ असा भेद रोज करणाऱ्या मराठी भाषकाला हे अवघड जाऊ नये.

प्रदेशानुसार प्रेक्षणीय स्थळे

ईशान्य (ऊस) : साल्व्हादोर ही १७६३ पर्यंत राजधानी होती. ‘पेलोरिन्यो’ या तिच्या जुन्या भागाच्या नावाचा अर्थ फटके मारण्याचा खांब असा आहे. आफ्रिकी वारशातून आलेली कापोएरा ही युद्धनृत्यकला व कांदोम्ब्ले हा धर्म येथे ठळकपणे आढळतो.

मिनास जेराइस (सोने) : अठराव्या शतकातील सोन्याच्या खाणींमुळे भरभराटीस आलेले ओरो प्रेतो हे गाव चढउताराच्या दगडी रस्त्यांसाठी व बारोक शैलीच्या चर्चांसाठी प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले हे ब्राझीलचे पहिले स्थळ होय.

आग्नेय (कॉफी) : साओ पाउलोची संपत्ती एकोणिसाव्या शतकातील कॉफीतून वाढली. रिओमध्ये कोर्कोव्हादो डोंगरावरील ख्रिस्ताचा ३० मीटर उंचीचा पुतळा १९३१ मध्ये पूर्ण झाला. तो पाहणाऱ्यांनी व्हालोंगो धक्क्याचे अवशेषही पाहावेत. सुमारे नऊ लाख गुलाम या धक्क्यावर उतरवले गेले, असा अंदाज आहे. पुढे तो बांधकामांखाली गाडला गेला व २०११ मध्ये पुन्हा उजेडात आला.

उत्तर (रबर) : अरण्याच्या मधोमध वसलेल्या मानौस येथे रबराच्या पैशातून १८९६ मध्ये भव्य नाट्यगृह उभे राहिले. शहराजवळ काळसर पाण्याची नेग्रो व गढूळ पाण्याची सोलिमोइस या नद्या कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी, न मिसळता वाहतात. ॲमेझॉन अरण्याचा सुमारे ६० टक्के भाग ब्राझीलमध्ये असून कुरणे व शेतीसाठी होणारी जंगलतोड हा देशापुढील गंभीर प्रश्न आहे.

याखेरीज अर्जेंटिनाच्या सीमेवरील इग्वासू धबधबे, तसेच लुसिओ कोस्ता व ऑस्कर निमायर यांनी आखलेली आणि २१ एप्रिल १९६० रोजी उद्‌घाटन झालेली राजधानी ब्राझिलिया उल्लेखनीय आहेत.

आहार आणि भारताशी नाते

भात, घेवड्याच्या बियांची उसळ आणि मँडिओका कंदाचे भाजलेले पीठ हे रोजचे जेवण होय. काळ्या घेवड्यात मांस शिजवून केलेली फेजोआदा विशेष प्रसिद्ध आहे. उसळीतही अनेकदा मांस असते, म्हणून शाकाहारींनी आधी विचारून घ्यावे. ताटातील अन्नाचे वजन करून पैसे घेणारी भोजनालये सर्वत्र असून त्यांत भाज्या व कोशिंबिरी विपुल असतात.

मराठी वाचकाला येथील बाजार अगदी परका वाटत नाही. काजूचे झाड ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणले आणि त्याचे मूळ तुपी भाषेतील नावही ‘काजू’ या रूपात आपल्याकडे रुळले. गोव्यात बोंडांपासून फेणी होते, तर ब्राझीलमध्ये त्यांचा रस आवडीने पितात. उपवासाचा साबुदाणा भारतात ज्या कंदापासून बनतो, तो कंद म्हणजेच मँडिओका. उलट दिशेने भारतातील गीर व ओंगोल जातींचे गोधन ब्राझीलमध्ये गेले आणि आज तेथील बहुसंख्य गुरे भारतीय वंशाची आहेत.

प्रवाशांसाठी सूचना

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी व्हिसा घ्यावा लागतो. नियम बदलत असल्याने दूतावासाकडे खात्री करावी. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी व प्रमाणपत्र जपून ठेवावे. ते नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. प्रवासी रेल्वे फारच थोड्या असल्याने लांब पल्ल्यासाठी बस किंवा विमान वापरतात. विजेचा दाब काही ठिकाणी १२७, तर काही ठिकाणी २२० व्होल्ट असतो. मोठ्या शहरांत भ्रमणध्वनी हिसकावण्याचे प्रकार घडतात. रस्त्यावर तो हातात धरून चालणे टाळावे. पोलिसांसाठी १९०, रुग्णवाहिकेसाठी १९२ व अग्निशमन दलासाठी १९३ हे क्रमांक आहेत.