जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्सचें तेल

मोटारीच्या निगेंत इंजिनाच्या तेलाची आठवण सर्वांना असते. तें काळें पडलें कीं नाहीं, पातळी उतरली कीं काय, हें घरांतील लहान मुलगाही विचारतो. गिअरबॉक्सच्या तेलाचें तसें नाहीं. तें पेटींत बंद असतें, जळत नाहीं, लवकर काळवंडत नाहीं, आणि तें कमी झाल्याची सूचना देणारा दिवाही जुन्या गाडींत नसतो. म्हणून वर्षानुवर्षें तें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं, आणि ज्या दिवशीं येतें त्या दिवशीं मालक दुकानदाराला एकच वाक्य सांगतो, "गिअरचें चांगल्यांतलें चांगलें तेल द्या." दुकानदार सर्वांत मोठ्या आंकड्याचा डबा पुढें करतो. अनर्थाचें बीज येथेंच पडतें. कारण गिअरबॉक्सच्या बाबतींत आंकड्यानें मोठें तेल आणि योग्य तेल हीं पुष्कळदां निरनिराळीं असतात.

नव्या गाडीच्या मालकाला ही चिंता सहसा करावी लागत नाहीं. कंपनीच्या कार्यशाळेंत ठरलेलें तेलच तिच्यांत पडतें. अडचण आहे ती जुन्या गाडीची. मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी २००० सालाच्या सुमारास बंद झाली, आणि तिच्या शेवटच्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. बंगालमध्यें उत्तरपाडा येथें होणारी अँबॅसडर २०१४ सालीं थांबली. मारुती ८०० चें उत्पादनही त्याच वर्षीं संपलें. तरीसुद्धां या गाड्या कित्येक घरांच्या आवारांत वडिलांची किंवा आजोबांची आठवण म्हणून जपलेल्या आढळतात. अशा गाडीचा एखादा लहान भाग झिजला तर तो मिळविण्यासाठीं जुन्या बाजारांत महिनेच्या महिने हिंडावें लागतें. जो भाग पुन्हां सहज मिळावयाचा नाहीं तो झिजूं न देणें हाच शहाणपणा होय. आणि तें काम मुख्यतः तेलाचें आहे.

योग्य तेल कोणतें हें समजण्यास पेटीच्या आंत काय आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांचें प्रमाण जमविणारीं दांतेरी चाकें तेथें असतात. तीं सर्व पोलादाचीं. परंतु त्यांच्या जोडीला मऊ धातूचाही एक भाग असतो. पूर्वींच्या मोटारींत गिअर बदलतांना निरनिराळ्या वेगानें फिरणारे दांते एकमेकांवर आदळत आणि मोठा खडखडाट होई. तो टाळण्याचें कसब ड्रायव्हरच्या हातापायांत असावें लागे. अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन इंजिनिअरानें त्यावर तोड काढली, व १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत ती प्रथम बसविली गेली. हीच 'सिंक्रोमेश' रचना. तींत दांते जुळण्यापूर्वीं पितळेसारख्या तांबेमिश्रित धातूचें एक कडें पोलादी शंकूवर दाबलें जातें. ब्रेकप्रमाणें त्यांच्यांत घर्षण होतें, दोहोंचा वेग सारखा होतो, आणि मग दांते अलगद एकमेकांत शिरतात. कड्याच्या आंतल्या अंगाला बारीक आटे असतात. ते शंकूवरील तेलाचा पापुद्रा कापून बाजूस सारतात, म्हणून पकड बसते.

यावरून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. गिअरबॉक्सच्या तेलाला एकाच पेटींत दोन परस्परविरुद्ध कामें करावीं लागतात. पोलादी दांत्यांमध्यें त्यानें घर्षण होऊं द्यावयाचें नाहीं. पितळी कड्यापाशीं मात्र तें होऊं द्यावयाचें. तेल जितकें अधिक निसरडें तितकें उत्तम, हा सर्वसामान्य समज येथें लागू पडत नाहीं. कड्याला पकडच मिळाली नाहीं तर गिअर टाकतांना पूर्वींसारखा करकराट होऊं लागतो. आणि मालकाला वाटतें कीं क्लच बिघडला.

आतां गाडीच्या मागच्या बाजूकडे वळूं. अँबॅसडर, पद्मिनी यांसारख्या गाड्यांत इंजिनाची शक्ति एका लांब दांड्यानें मागच्या चाकांकडे जाते, आणि तेथें डिफरन्शियलची निराळी पेटी असते. अशा पेट्यांसाठीं अमेरिकेंतील ग्लीसन कारखान्यानें १९२५ च्या सुमारास 'हायपॉइड' नांवाची दांत्यांची रचना तयार केली. पॅकार्ड गाडीनें ती लगेच स्वीकारली. या रचनेंत लहान चाक मोठ्या चाकाच्या मध्यरेषेपेक्षां खालीं बसवितात. त्यामुळें दांडा खालीं जातो, गाडीचा तळ उतरतो आणि आवाजही कमी होतो. परंतु या सोयीची किंमत तेलाला मोजावी लागते. हायपॉइडचे दांते एकमेकांवरून नुसते लोळत नाहींत. ते मोठ्या दाबाखालीं लांबवर घासत जातात. तेलाचा साधा पापुद्रा तेथें टिकत नाहीं. तो फाटतो आणि धातूशीं धातु भिडतो.

यासाठीं रसायनशास्त्राची मदत घेण्यांत आली. तेलांत गंधक व स्फुरद यांचीं संयुगें मिसळतात. दांते जेथें अतिदाबानें तापतात तेथें हीं संयुगें लोखंडाशीं संयोग पावून त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ थर उत्पन्न करतात. हा थर स्वतः झिजतो व मूळ दांत्याला वांचवितो. झिजला कीं नवा तयार होतो. अशा तेलास अतिदाब तेल, दुकानाच्या भाषेंत 'ई. पी.' तेल, म्हणतात. डिफरन्शियलला तें अमृताप्रमाणें आहे.

परंतु गंधकाचा स्नेह एकट्या लोखंडाशींच नसतो. देवघरांतील चांदीचीं निरांजनें नुसतीं ठेवलीं तरी काळवंडतात, तें हवेंतील गंधकाच्या संयुगांमुळेंच. तांब्यावरही गंधक असाच चालून जातो, आणि सिंक्रोमेशचें कडें तांबेमिश्रित धातूचें असतें. थंड पेटींत ही क्रिया मंद चालते. घाटांत किंवा लांबच्या प्रवासांत तेल तापलें म्हणजे वाढते. तेल तांब्याला कितपत बाधतें हें पाहण्याची परीक्षाही ठरलेली आहे: तांब्याची घांसून लखलखीत केलेली पट्टी तापलेल्या तेलांत ठराविक वेळ बुडवून ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर तिचा पालटलेला रंग नमुन्याच्या रंगांशीं ताडून पाहतात. हल्लींच्या कारखानदारांनीं गंधकाचा हा उपद्रव पुष्कळ आटोक्यांत आणिला आहे, हें खरें. तेल चुकलें म्हणजे गिअरबॉक्स आठवड्यांत मोडला असें होत नाहीं. तरी जेथें कडें पुन्हां मिळण्याची शाश्वति नाहीं तेथें हा धोका पत्करावयाचा कशासाठीं?

डब्यावरील आंकड्यांचा अर्थ आतां सहज उलगडेल. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या १९१९ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें गिअरच्या तेलांस जी. एल. १ पासून जी. एल. ६ पर्यंत संज्ञा दिल्या. त्यांपैकीं आज बाजारांत मुख्यतः दोनच आढळतात: जी. एल. ४ आणि जी. एल. ५. जी. एल. ५ हें तेल हायपॉइड दांत्यांच्या अति कठीण कामासाठीं आहे. त्यांत अतिदाब द्रव्यांचें प्रमाण जी. एल. ४ च्या जवळजवळ दुप्पट असतें. जी. एल. ४ मध्यम कामासाठीं आहे, आणि सिंक्रोमेशच्या बहुतेक जुन्या गिअरबॉक्सांना तेंच मानवतें. जी. एल. १ म्हणजे ज्यांत अतिदाब द्रव्य मुळींच नाहीं असें साधें खनिज तेल. फार जुन्या गाड्यांचीं पुस्तकें असेंच तेल मागतात.

येथें सुशिक्षित मनुष्यही फसतो, आणि त्याचें कारण समजण्याजोगें आहे. पेट्रोलच्या इंजिनतेलांत पुढचें अक्षर आलें म्हणजे तें मागच्याची जागा सामान्यतः घेऊं शकतें. म्हणून पुढचा आंकडा म्हणजे वरची इयत्ता, अशी संवय डोळ्यांना जडलेली असते. गिअरतेलाचे आंकडे या अर्थानें इयत्ता नव्हेत. ते निरनिराळ्या कामांचीं नांवें आहेत. चौथीचा विद्यार्थी पांचवींत गेला म्हणजे चौथीचें गणित त्याला येतेंच, परंतु जी. एल. ५ ला जी. एल. ४ चें काम सर्वत्र येतेंच असें नाहीं. कांहीं डब्यांवर दोन्ही संज्ञा एकत्र छापलेल्या असतात. ज्याला जी. एल. ५ ची परीक्षा उतरावयाची त्याच्यांत अतिदाब द्रव्यें बहुधा त्या परीक्षेपुरतीं असणारच, हें ध्यानांत घेऊन जुन्या पितळी कड्यांसाठीं केवळ जी. एल. ४ म्हणविणारा डबा निवडणें अधिक सुरक्षित.

दुसरा आंकडा दाटपणाचा. दुकानांत 'नव्वद नंबर' व 'एकशेंचाळीस नंबर' म्हणून जें मागतात तें हेंच माप. गिअरतेलाचें आणि इंजिनतेलाचें माप एक नव्हे. नव्वद नंबरच्या गिअरतेलाचा दाटपणा १०० अंश सेंटिग्रेडला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असतो. इंजिनतेलांतील ४० व ५० नंबरचीं तेलें त्याच्याच आसपास येतात. म्हणजे ९० हा आंकडा ५० हून मोठा दिसला तरी तेल दुप्पट दाट आहे असें मुळींच नाहीं. '८० डब्ल्यू-९०' यांतील डब्ल्यू हें थंडीचें अक्षर होय. शून्याखालीं २६ अंशांपर्यंत हें तेल वाहण्याजोगें राहतें, एवढाच त्यांतील ८० चा आशय. महाराष्ट्राच्या हवेंत या अर्ध्या भागाची चिंता करण्याचें कारण नाहीं. पुढचा आंकडा महत्त्वाचा.

येथें एका प्रचलित युक्तीविषयीं सावध राहावें. जुना गिअरबॉक्स घूं घूं करूं लागला कीं त्यांत १४० नंबरचें दाट तेल घालावें, असें कांहीं मेकॅनिक सुचवितात. आवाज खरोखरच कमी होतो. पण बेअरिंग झिजलें असेल तर तें झिजलेलेंच राहतें. आजार तसाच राहून नुसतें कण्हणें बंद झालें, एवढेंच. शिवाय दाट तेलाचा पापुद्रा कड्याच्या आट्यांना चटकन कापतां येत नाहीं, म्हणून सकाळच्या थंड गाडींत गिअर अडतो. गाडी विकतांना आवाज दडविण्यासाठीं पेटींत लांकडाचा भुसा घालण्याची जुनी लबाडी प्रसिद्ध आहे. तिचें आणि या युक्तीचें नातें फार दूरचें नाहीं.

मग निवड कशी करावी? पहिला व शेवटचा आधार गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाचा. तेथें प्रत्येक पेटीचें तेल स्वतंत्र दिलेलें असतें, आणि तें कधीं कधीं अपेक्षेपेक्षां फार वेगळें निघतें. मॉरिस मायनर या इंग्लिश गाडीच्या गिअरबॉक्सला इंजिनाचेंच तेल सांगितलेलें आहे. मागच्या हायपॉइड पेटीला मात्र अतिदाबाचें. १९५९ सालीं निघालेल्या मिनी गाडींत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलांत नांदतात. कांहीं गिअरबॉक्सांना ऑटोमॅटिक गिअरचें पातळ तेल लागतें. मारुती ८०० मध्यें गिअर व डिफरन्शियल एकाच पेटींत असले तरी तेथें हायपॉइड दांते नाहींत. म्हणून तिला जी. एल. ४ पुरतें. उलट मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडींत पेट्या दोन, म्हणून डबेही दोन असावेत: पुढच्या पेटीला तिचें सौम्य तेल आणि मागच्या हायपॉइडला जी. एल. ५. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतणें ही बचत नव्हे. पुस्तक हरवलें असल्यास त्याच गाडीच्या दुसऱ्या मालकाकडून किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तें मिळवावें. अंदाजावर तेल घेऊं नये.

तेल बदलतांना चार गोष्टी पाळाव्यात. गाडी सपाट जागेवर उभी करावी आणि थोडी फिरवून आणलेली असावी, म्हणजे तेल ऊन व पातळ होऊन गाळासह निथळतें. खालचा बूच काढण्यापूर्वीं वरचा भरण्याचा बूच सुटतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. तेल सोडून दिलें आणि वरचा बूच गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागच्या जागीं अडून राहते. ज्या पेटीला भरण्याचें भोंक बाजूला असतें तिच्यांत तेल त्या भोंकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरावें. अधिक भरलें तर तें सीलमधून पाझरून क्लचवर जाण्याचा संभव असतो. आणि निघालेलें तेल फेंकण्यापूर्वीं पांढऱ्या थाळींत घेऊन उजेडांत पाहावें. बारीक करडा पोलादी कीस थोडा असणें स्वाभाविक आहे. सोनेरी चमक दिसली तर ती पितळेची समजावी. कडीं झिजूं लागल्याची ती खूण होय. पोलादाचे तुकडे हातीं लागले तर मात्र तेलाचा प्रश्न संपला, पेटी उघडण्याचा आला असें जाणावें.

जुन्या यंत्राची सेवा म्हणजे त्याला अधिकांत अधिक देणें नव्हे. त्याला जें मानवतें तेंच देणें होय. ज्यानें गाडी घडविली त्यानें पेटींत पोलाद कोठें व पितळ कोठें ठेविलें हें जाणून तेल ठरविलें. दुकानाच्या फळीवरील मोठा आंकडा त्याहून अधिक जाणता नसतो. डबा घेण्यापूर्वीं पुस्तकांतील ती एक ओळ वाचली, तर घरांतील गाडी आणखी एका पिढीच्या हातीं सुरळीत गिअर टाकील.