रेझीनचा चिमटा उघडण्यापूर्वी

फायबरग्लासच्या मोटारी आपल्याकडे नव्या नाहीत. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या ‘डॉल्फिन’ मोटारीची बॉडी फायबरग्लासची होती. असे भाग करण्याची जुनी रीत म्हणजे साच्यात काचेचे कापड अंथरायचे आणि ब्रशने रेझीन चोपडायचे. व्हॅक्यूम इन्फ्यूजनमध्ये क्रम उलटा असतो. कापड कोरडेच अंथरतात, वर प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने हवाबंद करतात, पंपाने आतली हवा काढतात आणि मग रेझीनच्या नळीचा चिमटा उघडतात. बाहेरच्या हवेचा दाब रेझीनला कापडात ढकलतो. ब्रिटनच्या लोटस कंपनीने १९७४ च्या ‘एलीट’ मोटारीची बॉडी याच तत्त्वावर बनवली होती.

या रीतीने भाग हलका व मजबूत होतो, पण यात एक मेख आहे. ब्रशच्या कामात चूक दिसली तर पुन्हा हात फिरवता येतो. येथे रेझीन आत गेले की माघार नाही. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कॉस्टिंगमध्ये सामान्य व असामान्य नुकसान असा भेद शिकवतात. पिशवी, नळ्या आणि त्यांत अडकलेले रेझीन हे सामान्य नुकसान; ते मालाच्या किमतीत धरता येते. फुकट गेलेले बॉनेट हे असामान्य नुकसान. ते गिऱ्हाइकाच्या बिलात घालता येत नाही, सरळ मालकाच्या तोट्यात जाते. म्हणून दोष कोठून येतात हे आधीच जाणून घ्यावे.

गळती : याला मराठीत गळती म्हणा की कन्नडात सोरिके, बहुतेक दोषांचे मूळ येथेच असते. परीक्षा सोपी आहे. रेझीनची नळी बंद ठेवून हवा काढावी, पंपाकडची नळीही चिमट्याने बंद करावी आणि निदान पंधरा मिनिटे पिशवीला जोडलेल्या मापकाचा काटा पाहावा. काटा मागे सरकला तर गळती आहे. चिकटपट्टीच्या चुण्या आणि नळ्या आत शिरतात ती जागा कान लावून तपासावी. येथे बेळगावकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने हवेचा दाबच कमी आहे. साध्या मापकाचा काटा येथे ७६० मिलिमीटर कधीच दाखवणार नाही; ६९५ च्या आसपास थांबेल. नसलेली गळती शोधत बसू नये.

कोरडे डाग : रेझीन पाण्यासारखेच सोपी वाट धरते. कापड आणि साच्याची कड यांत फट राहिली तर ते कडेने धावत पुढे जाते आणि मध्ये कोरडे बेट उरते. कापड कडेला नेमके बसवावे. हवा काढण्याची नळी जेथे रेझीन सर्वांत शेवटी पोहोचेल तेथे ठेवावी.

अर्ध्यावर थांबणे : सच्छिद्र पदार्थातून द्रव कसा वाहतो याचा नियम फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये मांडला. त्याप्रमाणे अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो, आणि तोवर रेझीन घट्ट होऊ लागते. म्हणून मोठ्या भागात रेझीन एका टोकाऐवजी मधून सोडावे, ते पातळ असावे आणि हळू सुकणारे असावे.

बुडबुडे : एकाच जागेहून ओळीने निघत असतील तर तेथे गळती आहे; वरून चिकटपट्टी दाबावी. नळीतूनच येत असतील तर बादली पाहावी. नळीचे तोंड उघडे पडले असेल. पॉलिएस्टर रेझीन फार कडक निर्वातात उकळूही लागते. भाग भरल्यावर ओढ थोडी कमी करावी. मात्र रेझीन घट्ट होईपर्यंत पंप बंद करू नये.

एक धोकाही सांगितला पाहिजे. पॉलिएस्टरसाठी लागणारे कोबाल्टचे ॲक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचे हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. आग लागते, स्फोटही होतो. एक आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे घालावे.

छोट्या कारखानदाराला निकडीच्या ऑर्डरीत पंधरा मिनिटे जड वाटतात. त्या वेळेची मजुरी एका कागदावर मांडावी, शेजारी वाया गेलेल्या एका बॉनेटचे कापड, रेझीन आणि दिवसभराची मजुरी मांडावी. मग काटा पाहत बसलेल्या कामगाराला कोणी रिकामा म्हणणार नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष