७२ हजार किलोमीटरची हाक

रबरी होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच असतात. तेवढ्या उंचीवरून समुद्र दिसतो साडेतीन किलोमीटर. भूमध्य समुद्र आहे २५ लाख चौरस किलोमीटरचा, आठ महाराष्ट्र मावतील एवढा. त्यात दहा मीटरची होडी सापडायची, तर आपण कुठे आहोत हे होडीतूनच कुणीतरी कळवावं लागतं.

म्हणून अशा होडीतून युरोपकडे निघालेले स्थलांतरित फोन जिवापाड जपतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, फुग्यात घालून वर गाठ मारतात. पण लिबिया ते इटलीचं लाम्पेदुसा बेट हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर, आणि साध्या जीएसएम टॉवरची मर्यादा ३५. पुढे सॅटेलाइट फोनच. त्याचा उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचावर. हाक वर जाऊन खाली येईतो ७२ हजार किलोमीटर होतात, पाव सेकंदात. मग खरखरत्या लाइनवर अक्षांश-रेखांश एकेक आकडा करून वाचायचे. अक्षांशाच्या मिनिटांत दोनचा फरक पडला, तर मदतीचं जहाज पावणेचार किलोमीटरवर जाऊन उभं राहतं. अंश एकाने चुकला, तर १११ किलोमीटर.

२७ मार्च २०११ ला मात्र आकडा चुकला नव्हता. लिबियातल्या युद्धातून ७२ जण त्रिपोलीहून निघाले होते, त्यांत दोन तान्ही बाळं. त्यांनी रोमला फादर मुसी झेराई या इरिट्रियन धर्मगुरूंना फोन लावला. झेराईंनी इटलीच्या तटरक्षकांना कळवलं. फोनवरून होडीचा ठावठिकाणा निघाला, आणि आसपासच्या जहाजांसाठी संदेश सुटू लागला : दर चार तासांनी, सलग दहा दिवस. एक हेलिकॉप्टर आलं, पाणी आणि बिस्किटं टाकून गेलं. आता सुटका होणार या भरवशावर सुकाणू धरणाऱ्याने फोन समुद्रात फेकला. फोन हातात दिसला, तर आपल्यालाच तस्कर समजतील, ही भीती. त्या एका क्षणापाशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. परत हाक मारायचं साधनच गेलं.

इंधन संपलं. होडी दोन आठवडे वाहत राहिली. एवढी जहाजं, एवढी विमानं त्या समुद्रावर युद्धासाठी हजर होती, आणि कुणीही त्यांना उचललं नाही. हा अपघात होता असं म्हणायला मन तयार होत नाही.

१० एप्रिलला होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा ११ जण जिवंत होते. त्यांतले दोघे नंतर गेले. उरले ९. किनारा लिबियाचाच होता, झ्लीतेनचा. त्रिपोलीपासून दीडशेएक किलोमीटरवर.