संगणकाच्या पोटी संगणक

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्राम उघडून नवं मशीन बनवायला घेतलं, की तो मोजकेच प्रश्न विचारतो. नाव काय ठेवायचं? मेमरी किती द्यायची? प्रोसेसरचे कोअर किती? हार्ड डिस्क केवढी? ४ जीबी, २ कोअर, २५ जीबी अशी उत्तरं भरली की संगणक तयार! त्याला पेटी नाही, पंखा नाही, वायर नाही. तसाच सुरू केला तर एक खिडकी उघडते आणि हा कोरा संगणक तक्रार करतो, की चालू होण्यासाठी माझ्याकडे काहीच नाही.

मग त्याला ऑपरेटिंग सिस्टिम द्यायची. डेबियन लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून घ्यायची आणि अस्तित्वातच नसलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ती ‘घालायची’. इन्स्टॉलेशन आपोआप होऊ देण्याचा पर्याय मात्र बंद ठेवावा, म्हणजे प्रत्येक पायरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठीही आहे. पुढे एक प्रश्न येतो, जो नवख्या माणसाच्या छातीत धडकी भरवतो: संपूर्ण डिस्क वापरायची का? खुशाल हो म्हणावं. ही डिस्क म्हणजे तुमच्या खऱ्या डिस्कवरची एक फाइल आहे, बाकी काही नाही. नेहमीच्या पद्धतीने बनवली असेल, तर २५ जीबी नाव लावणारी ही फाइल सुरुवातीला अगदी छोटी असते आणि आत जसजसं लिहिलं जाईल तसतशी वाढत जाते.

थोड्या वेळाने खिडकीत लिनक्सचा डेस्कटॉप उभा राहतो. खरी गंमत इथे सुरू होते. आतलं टर्मिनल उघडून ‘तुझ्या अंगात कोणते सुटे भाग आहेत’ असं सिस्टिमला विचारलं, की ती बहुधा इंटेलच्या ४४०एफएक्स चिपसेटचं नाव सांगते. हा चिपसेट १९९६ सालचा! तुमचा लॅपटॉप कालच घेतलेला असला, तरी त्याच्या पोटातलं यंत्र आपण तीस वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवर बसलो आहोत असं मानून चालतं. कारण त्या जुन्या चिपशी कसं बोलायचं हे जवळपास प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक असतं. नेटवर्कचा पत्ता पाहा. नेटवर्कची सेटिंग बदललेली नसेल, तर तो साधारणपणे १०.०.२.१५ असतो. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवरच्या अशाच मशीनचाही पत्ता तोच असतो, तरी दोघांची टक्कर होत नाही. प्रत्येकाभोवती त्याच्यापुरतं खाजगी नेटवर्क रचलेलं असतं.

संगणकाच्या आत संगणक चालवण्याची ही कल्पना घरगुती संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, आयबीएमच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचं काम हाती घेतलं. त्या काळी एका अवाढव्य संगणकावर अनेकांना काम करावं लागे. या गटाने प्रत्येकाला त्या संगणकाची अख्खी प्रतिकृतीच दिली. एका वेळी १४ आभासी यंत्रं, प्रत्येकाच्या वाट्याला २५६ किलोबाइट मेमरी. या पाहुण्या यंत्रांना ताब्यात ठेवणाऱ्या प्रोग्रामला आज हायपरवायझर म्हणतात.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या कल्पनेला गणिती पाया दिला. त्यांच्या अटी तीन: आतल्या प्रोग्रामचं वागणं खऱ्या यंत्रावर असतं तसंच असावं, बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालाव्यात, आणि मेमरीपासून डिस्कपर्यंत सगळ्या साधनांवर अंतिम ताबा हायपरवायझरचाच असावा. हे कुठल्या प्रोसेसरवर जमेल, याचा निकषही त्यांनी दिला. यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक नाजूक आज्ञा सामान्य प्रोग्रामने दिली, तर प्रोसेसरने तिथेच थांबून वरिष्ठाला कळवलं पाहिजे.

घरोघरी पोचलेले इंटेल वंशाचे प्रोसेसर नेमके इथेच नापास होत होते. त्यांच्यात ‘पॉपएफ’ नावाची आज्ञा आहे. अधिकार नसताना तिच्याकरवी इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारे इशारे) बंद करायला गेलं, तर प्रोसेसर ना ते काम करत असे, ना तक्रार. तो मुकाट पुढे जाई. काही घडलं हे हायपरवायझरला कळणार कसं? १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यातून वाट काढली. पाहुण्या सिस्टिमच्या गाभ्यातल्या आज्ञा चालण्याच्या क्षणीच वाचायच्या, आणि धोक्याच्या आज्ञांच्या जागी सुरक्षित आज्ञा लिहून मग चालवायच्या. १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन हे उत्पादन बाजारात आलं. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे अशी आभासी यंत्रं चालवण्याची, सोय थेट प्रोसेसरमध्येच आणली. नवं मशीन सुरूच होत नसेल, तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू आहे का, हे आधी पाहायचं ते म्हणूनच.

आज आतलं लिनक्स बेरीज-वजाबाकी करतं तेव्हा मध्ये कुणी नसतं, खरा प्रोसेसर खऱ्या वेगाने काम करतो. लिनक्सने डिस्कला किंवा नेटवर्कला हात घातला की हायपरवायझर हजर होतो, मागितलेलं काम स्वतः करतो, अपेक्षित उत्तर आत देतो आणि बाजूला होतो. एका सेकंदात हे असंख्य वेळा घडतं. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की संगणक म्हणजे धातू आणि सिलिकॉनचा ठरावीक तुकडा नव्हेच. ठरावीक प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळेल, ही हमी म्हणजे संगणक. ती हमी कुणी पाळली, चिपने की दुसऱ्या प्रोग्रामने, याने आतल्या सिस्टिमचं काही अडत नाही.

आणि यंत्राची स्थिती जर आकड्यांतच मावते, तर ती जपूनही ठेवता येते. स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणाची डिस्क गोठवली जाते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. मशीन चालू असताना घेतला, तर मेमरीही जपली जाते. परत यायचं असेल तर नंतरचे बदल टाकून द्यायचे. खऱ्या आयुष्यात कुणालाच न मिळणारी ही मुभा इथे एका बटणावर आहे.

ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने द्यायला सुरुवात केलेले सर्व्हर याच तत्त्वावर उभे होते. कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसणारा डेस्कटॉपही कधीकधी दूरच्या डेटा सेंटरमधल्या अशाच मशीनचा असतो. तिथून फक्त चित्र येतं आणि इथून माउस-कीबोर्डचे इशारे जातात.

दोन पथ्यं पाळावीत. दिलेली मेमरी तुमच्याच लॅपटॉपमधून जाते, म्हणून निम्म्याहून जास्त देऊ नये. आणि दोन्हीकडून दिसणारं सामायिक फोल्डर जोडलं असेल, तर त्यात पुसलेली फाइल खरोखरच जाते, म्हणून मोडतोड करण्याआधी ते काढून टाकावं.

मग स्नॅपशॉट घ्या आणि बिनधास्त मोडतोड करा. आतल्या लिनक्सचं ‘बूट’ फोल्डर रिकामं करा, मशीन पुन्हा सुरू करा, ते कुठे अडतं आणि काय म्हणतं ते नीट वाचा. मग मागे या आणि दुसरं काहीतरी मोडा. एकुलता एक लॅपटॉप जपून वापरणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक आतून कसा चालतो हे असं मोडून-जोडून शिकता येतं, आणि त्याच्या खऱ्या डिस्कवरच्या अभ्यासाच्या वह्यांना त्याचा धक्काही लागत नाही.