पिकअपला जादा पाटा घालण्यापूर्वी



बेणे, खते, कडबा नेण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळांनी पिकअप घेतली आहे. "गाडी मागं बसते" म्हणून मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालण्याची चाल पडली आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील अशीच एक गाडी बेणे उतरवून रिकामी परतताना वळणावर मागून घसरली आणि चरीत गेली. माणसे वाचली, म्हणून वेळीच लिहितो.

पाटा धक्का झेलतो, पण उसळी मारून तो परतही देतो. ती उसळी जिरवायचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. पाटे कडक केले आणि शॉकॲब्सॉर्बर गळकेच राहिले, तर रिकाम्या गाडीचे मागचे चाक खड्ड्यावर उडते. उडालेले चाक रस्ता धरत नाही, मग ब्रेक तरी कसा लागणार?

तेव्हा क्रम असा ठेवावा :

१) गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा. डुलत राहिला तर शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलावेत.

२) बूश, शॅकल तपासावेत. तडकलेला पाटा बदलावा. यू-बोल्ट आवळावेत आणि नव्या कामानंतर आठवड्याभराने पुन्हा पाहावेत.

३) तरीही आधार हवा असल्यास, वजन पडल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा बरा.

एक ध्यानात घ्यावे. पाटा वाढला म्हणून आर.सी. बुकातील वजनाची मर्यादा वाढत नाही. ब्रेक आणि ॲक्सल तेच राहतात. एक खेप जादा झाली तरी चालेल, पण गाडी आणि माणूस घरी सुखरूप यावा, ही विनंती.