करवंद काळं होऊ द्या, मग तोडा



अक्षय तृतीया झाली, ऊन तापलं की आपल्या डोंगरातल्या करवंदाच्या जाळ्या काळ्या पडायला लागतात. माळशेज घाट घ्या नाहीतर वरंध घाट, रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांचे द्रोण भरून आपल्याच बायाबापड्या बसलेल्या असतात. पहिला मोठा पाऊस पडेपर्यंतच हा हंगाम. शेतात काम नाही, मुलांच्या वह्या-दप्तराचा खर्च तोंडावर, अशा वेळी हातात रोख पैसा देणारी ही डोंगरची काळी मैना. तिला ना पेरणी, ना खत, ना पाणी.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गटातल्या बाया एकमेकींच्या आधी डोंगर गाठायच्या. आपण नाही तोडली तर दुसरी तोडेल, ही धास्ती. मग लालसर, अर्धीकच्ची करवंदं फांद्या ओरबाडून आणायची. घरी ठेवली की ती काळी पडतात, मऊही होतात, पण जाळीवरची गोडी त्यांना येत नाही. गिऱ्हाईक एक तोंडात टाकायचं आणि पुढं जायचं. व्यापारी सगळा माल पडेल भावात मागायचा. सगळ्याच घाईत, आणि सगळ्याच तोट्यात.

मग मासिक बैठकीत विषय घेतला आणि ठरवलं: हिरवी लोणच्याला, काळी खायला, मधली लाल कुणी तोडायची नाही. एका जाळीवर सगळी करवंदं एकदम पिकत नाहीत, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा फेरी मारायची. शेजारच्या कातकरी वाडीतल्या बायांनाही बोलावलं. त्या स्पष्टच बोलल्या, "तुमच्याकडं भात तरी हाय, आमचं उन्हाळ्याचं पोट ह्याच्यावरच हाय." खरं होतं. म्हणून घाटरस्त्याजवळच्या जाळ्या त्यांच्यासाठी सोडल्या. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, एक-दोघींनी गुपचूप तोडलंही. पण काळ्या करवंदांना दर बरा मिळतो हे दिसल्यावर नियम आपोआप पाळला जाऊ लागला.

आता तोडणीचं. सकाळी लवकर निघा, दोघी-तिघी मिळून जा. हात घालण्याआधी काठीनं जाळी हलवा आणि बुडाशी नीट बघा. फुरसं दगडाआड, पाचोळ्यात बसलेलं असतं. पायात बूट असू द्या. देठातून पांढरा चीक येतो, तो हाताला चिकटतो, म्हणून हाताला आधी थोडं तेल लावा. फळ एकेक खुडा, फांदी ओढू नका. प्लास्टिकच्या पिशवीत करवंदांना घाम सुटतो, खालची चेंगरतात. बांबूची पसरट पाटी घ्या, थर पातळ ठेवा. पिकलेला माल एक-दोन दिवसांत विकला गेला पाहिजे.

मुलं बरोबर असली की कोंबडा की कोंबडी हा खेळ रंगतोच; आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. पण त्यांना एक बजावून सांगा. घाणेरीच्या झुडपालाही घोसात मिऱ्याएवढी फळं येतात. ती तोंडात घालायची नाहीत, हिरवी तर विषारी असतात. ओळखीचं नाही ते खायचं नाही.

उरलेला माल वाया घालवू नका. हिरव्या करवंदांचं लोणचं होतं. आधी मिठाच्या पाण्यात भिजवून चीक काढा. थोडी लाल झालेली आपोआप हाती आलीच, तर ती जॅममध्ये घाला. करवंदाचा गर मुळातच चांगला घट्ट होतो. गटाच्या नावानं बाटल्या विकायच्या असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या.

आता हक्काचं. वनहक्क कायदा २००६ नुसार, जंगलावर पोट असलेल्या आदिवासींना आणि पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्या इतर कुटुंबांना गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेतून जातो. तुमच्या गावानं तो केलाय का, हे येत्या ग्रामसभेत उठून विचारा.

हक्क मागायचा तर राखणही आपलीच. डोंगराला वणवा लागला की जाळीही जळते, आणि पुढच्या हंगामाला तिथं हात रिकामा राहतो. वरच्या शेंड्याची फळं पाखरांना सोडा, बी तीच पसरवतात. खाल्लेल्या करवंदांच्या बिया फार दिवस ठेवल्या तर उगवत नाहीत; धुऊन पावसाच्या तोंडाशी बांधावर टाका. काही वर्षांत काटेरी कुंपण उभं राहील, शेळी आत यायची नाही आणि करवंदं दारात येतील.

आपण गटात दर महिन्याला बचत टाकतो, पण सगळी रक्कम एकदम काढून घेत नाही. जाळीचंही तसंच आहे. या आठवड्याच्या बैठकीत तुमच्या डोंगराचा नियम ठरवा, आणि शेजारच्या वाडीला बोलवायला विसरू नका.